हिऱ्यावरचे पहिले नाव

१/
मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये 'हीरक निधी' नावाचे दालन आहे. तेथे जपलेल्या सात ऐतिहासिक रत्नांपैकी एक हिरा पाहणाऱ्याची निराशा करतो. त्याला शंभर पैलू नाहीत आणि त्यातून प्रकाशाचे फवारेही उडत नाहीत. वजन ८८.७ कॅरेट, लांबी सुमारे तीन सेंटिमीटर, रंगात किंचित पिवळसर छटा. जग त्याला 'शाह हिरा' म्हणते. त्याच्या अंगावर तीन राज्यकर्त्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांतले सर्वांत जुने नाव अहमदनगरच्या सुलतानाचे आहे.

२/
हा धागा त्या पहिल्या नावाविषयी आहे. कोहिनूर कोणाचा, यावर महाराष्ट्रात चहाच्या टपरीपासून वृत्तवाहिनीपर्यंत वाद होतात. कोहिनूरवर मात्र एकही अक्षर कोरलेले नाही. ज्या हिऱ्यावर दख्खनचे नाव आणि साल प्रत्यक्ष कोरलेले आहे, तो खुद्द नगर जिल्ह्यातही फारसा कोणाला ठाऊक नाही. ही विसंगती केवळ माहितीच्या अभावाची नव्हे. रत्नाकडे पाहण्याची सवयच चुकली आहे. रत्न म्हणजे संपत्ती एवढेच समीकरण मनात बसले आहे. कोरलेले रत्न हा दस्तऐवज असतो, हे ध्यानात घेतले जात नाही.

३/
आधी कला समजून घेऊ. रत्नावरील कोरीवकामाचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्यात आकृती वा अक्षर दगडाच्या आत खोदतात. दुसऱ्यात भोवतालचा दगड काढून आकृती वर उठवतात. खोदीव रत्नाचा मुख्य उपयोग मुद्रेसाठी. लाखेवर वा शाईने कागदावर ठसा सुलटा उमटावा म्हणून मुद्रेवरची अक्षरे उलटी कोरावी लागतात. दागिना म्हणून मिरवायच्या रत्नावर मात्र ती सरळच असतात. नुसत्या अक्षरांच्या दिशेवरून वस्तू दफ्तरातली की दरबारातली, हे पुष्कळदा ओळखता येते.

४/
रत्न कोरणारे हत्यार प्रत्यक्षात दगड कापत नाही. कापते ती भुकटी. कमानीने फिरणारा सामता किंवा धातूची लहान चकती, तिच्यावर तेलात कालवलेली कुरुंदाची पूड, आणि तासन्‌तास संयम. अकीकाची कठीणता मोहसच्या श्रेणीत सुमारे ७, मुघलांच्या आवडत्या 'लाल' या रत्नाची ८, माणकाची ९. तोवर कुरुंद वा हिऱ्याची पूड काम भागवते. हिऱ्याची कठीणता १०. तेथे हिऱ्याच्या भुकटीशिवाय आणि हिरकणीच्या टोकाशिवाय दुसरे काही चालत नाही. म्हणून नाव कोरलेले हिरे जगात बोटांवर मोजण्याइतकेच आहेत.

५/
आता भूगोल. अकोले तालुक्यातील राजूर हे रतनगड, हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या भटक्यांना परिचयाचे गाव. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी प्रवरा याच मुलखातून खाली उतरते. पुढे तिच्या खोऱ्यात संगमनेरजवळचे जोर्वे लागते, मग दायमाबाद, मग नेवासे. महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाची वर्णमालाच जणू या एका नदीने लिहिली आहे. टोक्याजवळ प्रवरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी पैठणकडे वळते.

६/
रतनगडाच्या नावातील 'रत्न' पाहून अनेकांना तेथे हिरे-माणके सापडत असावीत असे वाटते. गडावर रत्नाबाई देवीचे स्थान आहे आणि गडाचे नाव तिच्याशी जोडले जाते. तथापि या डोंगरांत रत्नजातीचे दगड अजिबात नाहीत, असेही नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून हा बेसाल्ट घडला. त्या रसातील वायूच्या बुडबुड्यांनी मागे पोकळ्या ठेवल्या आणि त्यांत पुढे गारगोटी, अकीक, झिओलाइट यांचे थर व स्फटिक साचत गेले. दख्खनच्या नद्यांच्या वाळूगोट्यांत सापडणारा पट्टेदार अकीक हा याच पोकळ्यांचा वारसा.

७/
हा दगड दोन हजार वर्षांपूर्वी जगप्रसिद्ध होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात नोंद आहे, की पैठणहून गोमेदासारखे पट्टेदार दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात नेले जात. त्याच शतकातील रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवले आहे, की भारतात सामान्य माणसेही असे दगड भोक पाडून गळ्यात घालतात आणि ते भोक हीच दगड भारतीय असल्याची खूण मानली जाते. नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली. हा व्यापार प्रवरेच्या काठापर्यंत पोहोचला होता, याची ती साक्ष.

८/
अशा पट्टेदार दगडांतून रोमन कारागिरांनी उठावाची अप्रतिम रत्नचित्रे घडवली. पांढऱ्या थरात माणसाचा चेहरा आणि खालच्या गडद थराची पार्श्वभूमी, अशी ती कला. एकाच पट्टेदार दगडाला इकडे भोक पाडून मणी केला गेला, तिकडे त्यावर सम्राट कोरला गेला. कच्चा माल येथला आणि स्वाक्षरी दुसऱ्याची, ही कहाणी तेव्हाही जुनीच असावी. शाह हिऱ्याचे वेगळेपण येथेच आहे. त्यावरची पहिली स्वाक्षरी दख्खनची आहे.

९/
ती स्वाक्षरी दुसऱ्या बुऱ्हान निजामशाहाची. साल हिजरी १०००, म्हणजे इसवी सन १५९१-९२. हे साल साधे नव्हते. इस्लामी कालगणनेचे पहिले सहस्रक पुरे होत होते. आग्रा-लाहोरात अकबर सहस्रकाच्या निमित्ताने नाणी पाडत होता, सहस्र वर्षांचा इतिहास लिहवून घेत होता. त्याच वर्षी अहमदनगरात एका सुलतानाने, ज्यावर अक्षर उमटवणे जवळजवळ अशक्य, अशा वस्तूवर आपले नाव उमटवले.

१०/
बुऱ्हानची परिस्थिती ध्यानात घेतली म्हणजे या कृतीचा अर्थ खुलतो. भावाविरुद्धचे बंड फसल्यावर तो पळून अकबराच्या आश्रयाला गेला होता. नगरात पाठोपाठ दोन राजांचा खून झाला आणि बुऱ्हानचाच अल्पवयीन मुलगा इस्माईल गादीवर बसवला गेला. १५९१ मध्ये अकबराच्या पाठबळाने व खानदेशच्या राजा अली खानाच्या मदतीने बुऱ्हान परतला, रोहिणखेडच्या लढाईत जमाल खान पडला, आणि बापाने मुलाकडून सिंहासन घेतले.

११/
अकबराची अपेक्षा उघड होती: उपकृत माणूस मांडलिक होईल. त्याने आपला कवी फैजी यालाच वकील म्हणून दख्खनेत धाडले. फैजी १५९३ मध्ये परतला, पण बुऱ्हानने मुघलांचे स्वामित्व काही मान्य केले नाही. दरबारात सय्यद अली तबातबा त्याच्या आज्ञेवरून 'बुऱ्हान-इ-मआसिर' हा घराण्याचा इतिहास लिहू लागला होता. ग्रंथ आणि हिरा या दोन्हींचा संदेश एकच. अहमदनगर कोणाचे मांडलिक नाही.

१२/
म्हणून त्या हिऱ्यावर काय आहे याइतकेच काय नाही हेही महत्त्वाचे. ज्याच्या बळावर गादी मिळाली त्या अकबराचे नाव तेथे नाही. हा राजकीय निर्णय होता. तहनामे फाटतात, फर्माने जळतात, नाणी वितळतात. हिऱ्यावरचे नाव वितळत नाही.

१३/
निर्णय टिकला, राज्य टिकले नाही. बुऱ्हान १५९५ मध्ये वारला. चांदबिबीने १५९५-९६ चा वेढा परतवला, पण १६०० मध्ये नगरचा किल्ला पडला. कोरलेला हिरा मुघलांच्या खजिन्यात गेला. त्यानंतरही निजामशाही मेली नाही. मलिक अंबरने ती १६२६ पर्यंत जिवंत ठेवली. पुढे शहाजीराजांनी संगमनेर तालुक्यातील पेमगिरीच्या किल्ल्यावर मुर्तजा या बालराजाला गादीवर बसवून स्वतः कारभार हाती घेतला. राजूरच्या शेजारचा हा डोंगरी मुलूख त्या शेवटच्या झुंजीचा साक्षीदार आहे. १६३६ मध्ये माहुलीला शहाजीराजांना शरण जावे लागले आणि निजामशाही संपली.

१४/
ती संपवणारा बादशाह शाहजहान. त्यानंतर पाचच वर्षांनी, हिजरी १०५१ मध्ये, म्हणजे १६४१-४२ च्या सुमारास, याच हिऱ्यावर दुसरे नाव कोरले गेले: जहांगीरपुत्र शाहजहानचे. या प्रसंगावर थोडे थांबायला हवे. ज्या घराण्याचा त्याने नुकताच समूळ नाश केला होता, त्याच घराण्याचे नाव त्याच्या हातातील हिऱ्यावर होते. हिऱ्याची भुकटी त्याच्याकडे होती. निष्णात कारागीर होते. नाव घासून टाकणे त्याला सहज शक्य होते. त्याने ते घासले नाही. दुसरी मोकळी बाजू निवडली.

१५/
यात शाहजहानचे औदार्य शोधण्याचे कारण नाही. एक कारण व्यवहाराचे: घासण्याने वजन घटते. दुसरे परंपरेचे. जहांगीरच्या आठवणींत नोंद आहे, की इराणच्या शाह अब्बासने पाठवलेल्या एका 'लाल' रत्नावर तैमूरवंशीय उलुघ बेगचे नाव होते. जहांगीरने आपला कारागीर सईदा याला त्याच रत्नाच्या दुसऱ्या कोपऱ्यात स्वतःचे नाव कोरण्याची आज्ञा दिली. जुने नाव राहिल्याने रत्नाचा मान वाढतो, ही दरबारी समजूत होती. नगरच्या नावाबाबत तर त्यात विजेत्याचा गर्वही असणार: पाहा, हे ज्याचे होते, ते आता माझे आहे. हेतू काहीही असो, परिणाम असा की पुरावा वाचला.

१६/
पुढचा प्रवास थोडक्यात. हिऱ्याभोवती एक बारीक खाच आहे. तो दोऱ्याने टांगला जात असे, हे तिच्यावरून दिसते. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्नियेने १६६५ मध्ये औरंगजेबाच्या सिंहासनासमोर बादशाहाच्या नजरेस पडेल असा लटकवलेला ८०-९० कॅरेटचा हिरा पाहिला. तो हाच, असे रशियन खनिजशास्त्रज्ञ फर्स्मानने मांडले. १७३९ मध्ये नादिरशाहाने दिल्ली लुटली आणि हिरा इराणला गेला. तेथे काजार घराण्याच्या फतह अली शाहने तिसरे नाव कोरवले. साल हिजरी १२४२. त्यानेही आधीची दोन नावे राखली.

१७/
१८२९ मध्ये तेहरानात जमावाने रशियन राजदूत व नाटककार ग्रिबोयेदोव याची हत्या केली. युद्धात नुकत्याच हरलेल्या इराणला दुसरे युद्ध परवडणारे नव्हते. राजपुत्र खुस्रो मिर्झा माफी मागण्यासाठी सेंट पीटर्सबर्गला गेला आणि त्याने झार पहिला निकोलस याला हा हिरा भेट दिला. रशियनांनी त्यावर चौथे नाव कोरले नाही. नगरच्या दरबारात कोरलेले अक्षर अशा रीतीने मॉस्कोत सुरक्षित राहिले.

१८/
आता याच्या उलट उदाहरण. 'अकबर शाह' नावाच्या दुसऱ्या एका मोठ्या हिऱ्यावरही मुघल कोरलेख होते. १८६६ मध्ये लंडनात त्याला नव्या पद्धतीचे पैलू पाडले गेले. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वजन गेले आणि कोरलेखांचा मागमूस उरला नाही. मजकूर कागदावर उतरवलेला होता, म्हणून तो आज कळतो एवढेच. पैलू पाडून चकचकीत झालेला हा हिरा बडोद्याच्या गायकवाडांनी विकत घेतला. एका मराठी दरबारात तो आला तेव्हा तेजस्वी होता, पण मुका होता.

१९/
या दोन हिऱ्यांमध्ये खरा प्रश्न दडला आहे. एकाला इतिहास अंगावर बाळगू दिला गेला, म्हणून तो आज बोलतो. दुसऱ्याला 'सुंदर' केले गेले आणि त्याची वाचा गेली. वारशाशी वागण्याच्याही याच दोन रीती आहेत. महाराष्ट्रात मंदिरांच्या शिळांवर चकचकीत रंग फासला जातो, वीरगळ सिमेंटात लिंपले जातात, शिलालेखावर फरशी बसवली जाते. हेतू चांगला असतो. घडते ते 'अकबर शाह' हिऱ्याचे.

२०/
'मग शाह हिरा परत आणा' ही मागणी लगेच होईल. भावना समजण्यासारखी आहे, पण ती आणायची कोठून आणि कोणत्या न्यायाने? नगरकडून दिल्लीने घेतला, दिल्लीकडून इराणने, इराणने रशियाला दिला. वाटेतील प्रत्येकाचा काही ना काही दावा आहे. शिवाय तो आधी नगरला कोठून आला, हा प्रश्न उरतोच. वस्तूवरचा हक्क न्यायालये ठरवतील. अर्थावरचा हक्क मात्र अभ्यासाने मिळतो आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

२१/
त्या अभ्यासाची वाट फारसीतून जाते. सेतुमाधवराव पगडी, भ. ग. कुंटे यांच्यासारख्या अभ्यासकांनी दख्खनची फारसी साधने मराठीत आणली म्हणून आज निजामशाहीविषयी मराठीत काही बोलता येते. त्यांच्यानंतर ही भाषा शिकणाऱ्या मराठी तरुणांची संख्या इतिहासप्रेमाच्या लाटेच्या मानाने अत्यल्प आहे. हिऱ्यासाठी हळहळणारे हजारो आणि हिऱ्यावरचे नाव वाचू शकणारे मोजके, ही स्थिती लाजिरवाणी आहे.

२२/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. राजाने हिऱ्यावर नाव कोरले, त्याचे सामान्यांना काय? खाणीत खपणाऱ्यांची नावे कोठे आहेत? ज्या कारागिराने तेलात बुडवलेली सुई धरून, श्वास रोखून एकेक रेघ ओढली, त्याचे नाव त्या हिऱ्यावर नाही. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त अकबराच्या मुद्रा कोरणाऱ्या मौलाना मकसूद, अली अहमद यांची नावे नोंदवली, म्हणून ती उरली. नगरच्या हिऱ्यामागचा हात अनाम आहे. पण नाव घासले गेले असते तर त्या अनाम हाताचा हा एकमेव पुरावाही गेला असता. सुलतानाचे नाव वाचले, म्हणून कारागिराचे कौशल्य वाचले.

२३/
आणि आता घरचा प्रश्न. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकरांचा जन्म याच जिल्ह्यातील चोंडीचा. त्यांच्या नावाचा मान वादातीत आहे. नामांतर योग्य की अयोग्य, हा या धाग्याचा विषय नाही. विषय एवढाच, की नवे नाव कोरण्यासाठी जुने घासावे लागत नाही. निजामशाहीची दीडशे वर्षे म्हणजे 'परक्यांचा काळ' म्हणून पुस्तकातून पुसली, तर मालोजीराजे कोणाच्या चाकरीत होते, शहाजीराजे पेमगिरीवर कोणासाठी लढले, हेही सांगता येणार नाही. जुने अक्षर गेले तर नव्या अक्षराचा संदर्भही जातो.

२४/
हे पटायला मॉस्कोला जाण्याची गरज नाही. राजूरमार्गे रतनगड-हरिश्चंद्रगडाकडे दर पावसाळ्यात तरुणांची रीघ लागते. सह्याद्रीतील किती तरी गडांच्या भिंतींवर, लेण्यांच्या खांबांवर टोकदार दगडाने वा रंगाने लिहिलेली नावे दिसतात. नाव मागे राहावे ही इच्छा सुलतानाची आणि पर्यटकाची सारखीच. फरक एवढा, की गादी बुडवणाऱ्या बादशाहानेही आधीच्या नावाला धक्का न लावता मोकळी बाजू शोधली. गडावर नाव कोरणारा शेकडो वर्षांच्या छिन्नीच्या खुणांवरच आपली रेघ ओढतो. त्याला विजेत्याएवढीही तमा नसते.

२५/
तीच गोष्ट नदीपात्रात वा जुन्या पांढरीच्या टेकाडावर सापडणाऱ्या मण्यांची. अकीकाचा छिद्र पाडलेला मणी उचलून खिशात टाकला की तो शोभेची वस्तू होतो. कोठे, कोणत्या थरात, कशासोबत सापडला हे कळले तर तो व्यापारमार्गाचा पुरावा असतो. प्लिनीने ज्या भोकावरून भारतीय दगड ओळखण्याची खूण सांगितली, ते भोक पाडणारे हात याच दख्खनचे असू शकतात. मणी दिसला तर जागेचे छायाचित्र घ्यावे, तो जागीच राहू द्यावा आणि पुरातत्त्व विभागाला वा जवळच्या विद्यापीठाला कळवावे.

२६/
शाह हिऱ्याचे मोल त्याच्या कॅरेटात नाही. तो तीन राजवटींच्या हाती गेला, तरी नंतरच्यांनी आधीच्यांची अक्षरे राहू दिली, हे त्याचे मोल आहे. त्यांनी ते गर्वापोटी केले असेल, लोभापोटी केले असेल. आज वारसा सांभाळणाऱ्यांनी तेच समजून-उमजून करावे, एवढी अपेक्षा फार नाही. नगरचे नाव हिऱ्यावर अजून शाबूत आहे. आता ते जिल्ह्यातील शाळेच्या फळ्यावर यायला हवे.

(धागा समाप्त)